ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, मामांच्या अंगणात

आपल्या मशीन लॅबच्या कोपऱ्यात एक कापलेला गिअरबॉक्स ठेवलाय. लाल-पिवळा रंग, एका बाजूला हँडल आणि अंगावर निदान तीन बॅचेसची धूळ. हँडल फिरवायचं, दातांत दात जातात, दुसऱ्या टोकाचा शाफ्ट फिरतो, आपण सरांकडे बघून मान डोलवायची... व्हायवा संपला! ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं असं कापलेलं मॉडेल मात्र लॅबमध्ये नाही. पुस्तकात एक आकृती आहे आणि ती परीक्षेला कधीच येत नाही असं सगळे सीनियर्स छातीठोकपणे सांगतात, त्यामुळे ते पान आपण प्रेमाने उलटतो. मी ते पान नीट वाचलं ते गेल्या दिवाळीच्या सुट्टीत. कारण त्या आकृतीतली ती साठ-सत्तर किलोची वस्तू कोल्हापुरात, मामांच्या अंगणात, गोणपाटावर उतरवायची होती.

हा उद्योग घरी का, ते आधी सांगते. मामांना लहानपणी पोलिओ झाला, डावा पाय अधू आहे. क्लच दाबायला डावा पाय लागतो, म्हणून साधी गाडी त्यांना चालवता येत नाही. ऑटोमॅटिकमध्ये क्लचचं पेडलच नसतं, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्ही उजव्या पायाकडे. मामा विमा एजंट आहेत. आज कागल, उद्या गडहिंग्लज, परवा राधानगरी असं त्यांचं फिरणं. सतरा वर्षांपूर्वी ही गाडी घेतली, त्याआधी ते मागे दोन जादा चाकं लावलेल्या स्कूटरवरून भर पावसात फिरायचे. तेव्हा गाडी बंद म्हणजे मामा घरात, आणि घरात बसलेले मामा म्हणजे काय असतं ते मामींना विचारा!

गाडीचं आणि वर्कशॉपचं नाव मुद्दामच लिहीत नाही. वर्कशॉपने सांगितलं, अख्खा गिअरबॉक्स बदला, एक लाख चाळीस हजार. गाडी विकली असती तर तेवढे आले नसते. पण पंधरा वर्षांनंतरचं पाच वर्षांचं पासिंग करून दोनच वर्षं झाली होती आणि इंजिन ठणठणीत होतं. मामा मला म्हणाले, "तू मेकॅनिकलला आहेस ना? मग एवढंच सांग, आत नक्की काय गेलंय? बदला म्हणतात सगळे, गेलंय काय ते कुणी सांगत नाही." आता थर्ड इयरपर्यंत एकही केटी न लागलेल्या भाचीने यावर गप्प बसायचं म्हणजे कमालच झाली. मी पुस्तक काढलं.

सिग्नलला गाडी उभी असते तेव्हा इंजिन फिरत असतं आणि चाकं थांबलेली असतात. दोघांच्या मधे कुठेतरी काहीतरी सुटायला हवं. साध्या गाडीत ते काम क्लच करतो. ऑटोमॅटिकमध्ये तिथे टॉर्क कन्व्हर्टर असतो. (मी मामांना समजावताना सारखं टॉर्क, टॉर्क करत होते. ते वैतागून म्हणाले, "अगं, पीळ म्हण की!" कॉन्व्हेंटमध्ये हा शब्द कुणी शिकवला नव्हता, पण टॉर्कला इतका नेमका शब्द मी इंग्लिशमध्येही ऐकलेला नाही.) होस्टेलच्या रूममध्ये दोन टेबल फॅन समोरासमोर ठेवा आणि एकच चालू करा. दुसरा बंद असूनही हळूहळू फिरायला लागतो. हवेच्या जागी तेल घाला, दोन्ही पंखे डोनटच्या आकाराच्या एका बंद डब्यात ठेवा, की टॉर्क कन्व्हर्टर जवळजवळ तयार. एक पंखा इंजिनला जोडलेला, दुसरा गिअरबॉक्सला. इंजिन हळू फिरत असेल तर तेलाचा जोर कमी, ब्रेकवर पाय ठेवला की दुसरा पंखा निमूट थांबतो. रेस दिली की तेल त्याला ओढून नेतं.

"जवळजवळ" म्हटलं, कारण खरी गंमत मधल्या तिसऱ्या चकतीत आहे. तिला स्टेटर म्हणतात. दुसऱ्या पंख्यातून परत येणारं तेल उलट्या दिशेने येतं आणि पहिल्या पंख्याला आडवं येऊ पाहतं. स्टेटर त्या तेलाची दिशा वळवतो, त्यामुळे ते पहिल्या पंख्याला उलट मदतच करतं. गाडी जागेवरून उठताना पीळ साधारण दुप्पट होतो तो यामुळे. हे डोकं हर्मान फ्योटिंगर नावाच्या जर्मन इंजिनिअरचं, १९०५ सालचं. आणि ते गाडीसाठी नव्हतंच, जहाजासाठी होतं! वाफेची टर्बाइन फार जोरात फिरते, जहाजाचा पंखा सावकाश फिरायला हवा, त्यांच्यामधला हा दुवा. गाड्यांमध्ये पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मोठ्या संख्येने आला तो जनरल मोटर्सचा हायड्रामॅटिक, १९४० च्या ओल्ड्समोबाइलमध्ये. त्यात स्टेटर नव्हता, नुसते दोन पंखे होते.

कन्व्हर्टरच्या मागे खरे गिअर. इथे थिअरी ऑफ मशीन्सवाल्यांनी कान टवकारावेत. एपिसायक्लिक गिअर ट्रेनचं ते गणित आठवा, ज्यात आपण टेबल मांडून "आर्म स्थिर, सनला प्लस वन" करत बसतो आणि शेवटच्या ओळीत चिन्ह चुकतं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स म्हणजे ते टेबलच आहे, फक्त लोखंडात. मधे सन, भोवती प्लॅनेट, बाहेर रिंग. यातलं एक धरून ठेवलं आणि दुसरं फिरवलं की तिसऱ्याचा वेग ठरतो. वेगळं धरलं की वेगळा गिअर. दात कायम एकमेकांत असतात, कुठलाही गिअर सरकत नाही. बदलतं ते एवढंच, की कुणाला धरायचं आणि कुणाला सोडायचं.

हे धरायचं-सोडायचं काम करतात क्लचच्या पातळ चकत्या. एक स्टीलची, एक घर्षणाचं अस्तर लावलेली, पुन्हा स्टीलची, अशी चळत. शेजारी एक पिस्टन. त्याच्यामागे तेलाचा दाब आला की तो चळत आवळतो. पिस्टनच्या कडेला रबरी सील, तेल निसटू नये म्हणून. या सीलकडे लक्ष ठेवा, पुढे गाडी तिथेच येऊन थांबणार आहे.

तेलाचा दाब देतो पंप, आणि हा पंप फिरवतो कन्व्हर्टरचा मागचा गळा. म्हणजे इंजिन बंद तर पंप बंद, आणि पंप बंद तर गिअरबॉक्समध्ये दाबही नाही आणि वंगणही नाही. म्हणूनच बॅटरी बसली तर अशी गाडी धक्का मारून चालू होत नाही, चार रूममेट कितीही घाम गाळोत. म्हणूनच बंद पडलेली ऑटोमॅटिक, तिची चालती चाकं जमिनीवर ठेवून दोरीने लांब ओढत नेऊ नये. आतले भाग कोरडे फिरतात आणि छोटा बिघाड मोठा होतो. मामांची गाडी पन्हाळ्याच्या चढावर बसली तेव्हा त्यांनी टेम्पोवर चढवून आणली, त्याचे पैसे गेले म्हणून मामी आठवडाभर बोलत होत्या. पण ते पैसे सत्कारणी लागले असं माझं प्रामाणिक मत आहे.

आता निदान. गिअरबॉक्स उतरवण्याआधी तो उतरवायची खरंच गरज आहे का, हे बघण्यात आम्ही पूर्ण एक दिवस घालवला आणि सगळ्या कामातला सगळ्यात स्वस्त दिवस तोच. पहिलं तेल. चांगलं एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिकचं तेल, कोकम सरबतासारखं लाल असतं. आमच्या काडीवर निघालं ते कॅन्टीनच्या उकळून उकळून काळ्या झालेल्या चहासारखं, आणि वास करपलेला. (ते स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखं गुलाबी-दुधट निघालं असतं तर अर्थ वेगळा होता. रेडिएटरच्या आतला ऑइल कूलर फुटून पाणी तेलात आलंय असा.) पातळी बरोबर होती, म्हणजे तेल कमी म्हणून घसरतंय असंही नाही.

मग स्टॉल टेस्ट. चाकांना पुढून-मागून ओंडके, हँडब्रेक ओढलेला, डावा-उजवा जो असेल तो पाय ब्रेकवर गच्च, गाडीसमोर चिटपाखरू नाही. गिअर टाकायचा आणि पूर्ण रेस द्यायची, जास्तीत जास्त पाच सेकंद. चाकं थांबलेली असल्यामुळे इंजिनचा सगळा जोर कन्व्हर्टरमधल्या तेलात जातो आणि इंजिन एका ठरावीक आरपीएमवर अडकतं. तो आकडा कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेला असतो. तेल भराभर तापतं, म्हणून प्रत्येक वेळी मधे न्यूट्रलला मिनिटभर थांबायचं. आमच्या गाडीला मॅन्युअलप्रमाणे २३०० ते २६०० च्या दरम्यान हवं होतं. रिव्हर्समध्ये आलं २४००. एकदम ठीक! डी मध्ये काटा गेला ३२०० वर.

या दोन आकड्यांतच सगळं उत्तर होतं. रिव्हर्स बरोबर, म्हणजे पंप, कन्व्हर्टर आणि मूळ दाब बरोबर. डी मध्ये इंजिन मोकाट सुटतंय, म्हणजे फक्त पुढच्या गिअरसाठी जे धरलं जातं तेच घसरतंय. तिथे दोन संशयित, फॉरवर्ड क्लच किंवा पहिल्या गिअरचा वन-वे क्लच. एल मध्ये टाकून पुन्हा टेस्ट घेतली. एल मध्ये वन-वे क्लचला जोडीला एक ब्रेक लागतो, त्यामुळे तो दोषी असता तर आकडा खाली आला असता. आकडा ३२०० च राहिला. फॉरवर्ड क्लच! वर्कशॉपच्या एक लाख चाळीस हजारांमागे एक चकत्यांची चळत होती, आणि ती बघायला गिअरबॉक्स बाहेर काढण्यावाचून इलाज नव्हता.

आमचा करार असा ठरला. उतरवणं आणि चढवणं घरी. उघडणं उद्यमनगरातल्या एका जुन्या मिस्त्रींकडे, टेबलावर. ही वाटणी मी कुणालाही सुचवीन. उतरवण्यात मेहनत जास्त आणि रहस्य कमी असतं, आतल्या व्हॉल्व्ह बॉडीत मात्र तेलाच्या वाटांचा चक्रव्यूह असतो आणि तिथे एक छर्रा इकडचा तिकडे गेला की अभिमन्यू झालात. मिस्त्रींनी एक अट घातली, "बाहेरनं रॉकेलनं लख्ख धुऊन आणायचं. माती घिऊन आला तर दारातनंच परत."

काम करणारे तिघे. मी, बारावीतला मामेभाऊ, आणि स्टुलावर बसून मॅन्युअलच्या प्रिंट मोठ्याने वाचणारे मामा. बोल्टांसाठी मामींचे फराळाचे रिकामे डबे. झाकणावर कागद, कागदावर कुठला बोल्ट कुठून निघाला त्याचं चित्र. सगळे बोल्ट सारखे दिसतात पण लांबी वेगवेगळी असते, आणि लांब बोल्ट आखूड भोकात आवळला तर ॲल्युमिनियमला तडा जातो. शंकरपाळ्यांचा डबा अजूनही मामींना परत मिळालेला नाही.

गाडी उचलण्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण सगळ्या कामात जीवघेणं काही असेल तर ते हेच. जॅक हा उचलण्यापुरता असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली हात घालायचा नाही, डोकं तर नाहीच. उचलल्यावर गाडी घोड्यांवर ठेवायची, आणि घोडे चेसिसच्या मजबूत जागेखाली. मामांच्या अंगणात शहाबादी फरशी आहे. घोड्याचे पाय तिच्यावर बोट रुतावं तसा भार टाकतात, फरशी मधेच फुटली तर गाडी कलंडते. म्हणून घोड्यांखाली जाड फळ्या. मागच्या चाकांना ओंडके. मग गाडीला बाजूने जोरात ढकलून बघायचं, हलली तर पुन्हा पहिल्यापासून. उंची किती? गिअरबॉक्स जॅकवर झोपवून बंपरखालून सरकत बाहेर यायला हवा, त्याचा सगळ्यात मोठा घेर इंजिनला चिकटणाऱ्या बेल हाउसिंगचा. तो मोजा आणि त्यात जॅकची उंची मिळवा. आमचं दोन फुटांवर गेलं. घाईत लोक कमी उचलतात आणि गिअरबॉक्स सुटल्यावर गाडीखालीच अडकतो. मग तो खाली आणि गाडी वर, मधे तुम्ही.

त्याआधी गाडी जमिनीवर असतानाच पुढच्या चाकांचे हब नट सैल करायचे, ब्रेक दाबून. बत्तीस नंबरचा सॉकेट आणि वर चार फुटी पाइप. हवेत गाडी असताना एवढा जोर लावणं म्हणजे घोड्यांची परीक्षा घेणं. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर, बॅटरी, तिचा ट्रे, एअर फिल्टरचा डबा. हे निघालं की वरून गिअरबॉक्स दिसायला लागतो. वायरींचे कनेक्टर, सिलेक्टरची केबल, कूलरचे दोन पाइप, स्टार्टर मोटर. प्रत्येक कनेक्टर काढण्याआधी मोबाइलने फोटो, आणि कनेक्टरच्या दोन्ही टोकांना एकाच रंगाची चिकटपट्टी. हा भाग कंटाळवाणा आहे, त्यावर जास्त लिहीत नाही.

तेल काढताना पहिल्यांदा करणारा गोंधळतो. गिअरबॉक्समध्ये सहा लिटर तेल आहे असं पुस्तक म्हणतं, ड्रेन प्लगमधून निघतं जेमतेम तीन. उरलेलं कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरमध्ये असतं. ते किती निघालं हे मोजून लिहून ठेवा, भरताना कामाला येतं. काळं तेल गटारात ओतायचं नाही, आम्ही कॅनमध्ये भरून मिस्त्रींच्या जुन्या ऑइलच्या पिंपात नेऊन दिलं.

ड्राइव्ह शाफ्ट काढताना शाफ्टला धरून ओढू नये, आतला जॉइंट सुटून गोळ्या घरंगळतात. जॉइंटच्या मुळाशी टॉमी घालून हलका हिसका द्यायचा, खटकन सुटतो. भोकात लगेच स्वच्छ फडकं.

पुढचं काम महत्त्वाचं. कन्व्हर्टर इंजिनच्या बाजूला फ्लेक्स प्लेट नावाच्या पातळ तबकडीला बोल्टांनी जोडलेला असतो. गिअरबॉक्स ओढण्याआधी हे बोल्ट काढावेच लागतात. खालचं छोटं झाकण काढलं की एका वेळी एकच बोल्ट दिसतो. मग क्रँक पुलीच्या बोल्टला सॉकेट लावून इंजिन हाताने फिरवायचं, पुढचा बोल्ट खिडकीत येतो. आमचे सहा होते. पहिला काढण्याआधी तबकडी आणि कन्व्हर्टर दोन्हींवर पांढऱ्या रंगाची एक रेघ मारली, परत तसंच बसवण्यासाठी. हे झालं की कन्व्हर्टर मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला ढकलून ठेवायचा. तो गिअरबॉक्सबरोबरच बाहेर यायला हवा. तबकडीला लटकून राहिला तर मागचा गळा वाकडा भार घेतो आणि पंपाचं सील जातं. अर्ध्यात निसटला तर तेलाने भरलेलं ते भांडं पायावर.

गिअरबॉक्सचं फाउंडेशन काढलं की इंजिनचं एक टोक निराधार होतं. म्हणून आधी इंजिन वरून टांगायचं. आम्ही जाड जीआय पाइप दोन्ही सस्पेन्शन टॉवरच्या माथ्यावर लाकडी ठोकळ्यांवर आडवा ठेवला आणि इंजिनच्या उचलायच्या हुकांना साखळी बांधली. मग खालून जॅक, जॅकच्या डोक्यावर लाकडाची बैठक, गिअरबॉक्स तिला पट्ट्याने आवळून बांधलेला. शेवटी बेल हाउसिंगचे बोल्ट, चौदा आणि सतरा नंबरचे. वरचे दोन सुटता सुटेनात, दीड तास गेला. ते सुटल्यावर गिअरबॉक्स आपोआप येतो असं नाही, दोन डॉवेल पिना त्याला सरळ रेषेत धरून ठेवतात. बारीक हालवत, जॅक एकेक सूत वर-खाली करत, समांतर मागे. संध्याकाळी सहाला तो गोणपाटावर आला. मामींनी ओवाळायचंच बाकी ठेवलं होतं.

मिस्त्रींनी दुसऱ्या दिवशी फॉरवर्ड क्लचचं ड्रम उघडलं. चकत्यांचं अस्तर काळं, काही ठिकाणी स्टील उघडं पडलेलं. मी म्हटलं, "म्हणजे चकत्या गेल्या." मिस्त्री हसले. त्यांनी पिस्टनचं सील काढून माझ्या हातात दिलं. "दाब बघू नख. उठतंय का वळ? रबराचं लाकूड झालंय पार. चकती मेली खरं, तिला मारलं ह्यानं." सतरा वर्षांच्या उष्णतेने रबर कडक झालेलं, कडेने तेल निसटत होतं, त्यामुळे चळत पुरती आवळली जात नव्हती, घसरत होती आणि घासून जळत होती. तेल गरम होऊन पातळ झालं की गळती जास्त, म्हणून सकाळी गाडी बरी चालायची आणि पन्हाळ्याच्या चढावर बसली. एका रबरी कड्याची ही करामत! नुसत्या चकत्या बदलल्या असत्या तर त्याही तशाच जळल्या असत्या.

ओव्हरहॉल किट आणलं, त्यात सगळी सील, पॅकिंग आणि चकत्या. नव्या चकत्या बसवण्याआधी एटीएफमध्ये भिजवून ठेवायच्या असतात. जोडणी झाल्यावर मिस्त्रींनी क्लचच्या तेलाच्या वाटेत कॉम्प्रेसरची हवा मारली. "थप्प" असा आवाज आला, म्हणजे पिस्टन बसला आणि गळती नाही. कन्व्हर्टर वेल्डिंग केलेला असतो, तो घरीच काय, मिस्त्रींकडेही उघडत नाही. त्यातलं तेल ओतून, ताजं घालून, हलवून, पुन्हा ओतून, असं पाणी बदलावं तसं चार वेळा केलं.

चढवणं म्हणजे उतरवण्याचा उलटा क्रम, असं मॅन्युअलमध्ये एका ओळीत लिहिलेलं असतं. त्या ओळीत जेवढे पंप फुटले असतील तेवढे कशानेच फुटले नसतील! कन्व्हर्टर गिअरबॉक्सवर बसवताना त्याला तीन ठिकाणी जुळावं लागतं. आतल्या शाफ्टचे आटेवजा दाते, स्टेटरचे दाते आणि शेवटी पंपाच्या खाचा. आत ढकलत हाताने फिरवत राहायचं. एक खटका, दुसरा खटका, आणि बसला असं वाटतं. पण तिसरा अजून बाकी असतो. अशा स्थितीत गिअरबॉक्स इंजिनला लावला तर दोघांच्यामध्ये थोडी फट राहते, आणि पाना हातात असलेल्या माणसाला ती फट बोल्ट आवळून मिटवावीशी वाटते. बोल्ट आवळला की कन्व्हर्टर पंपावर दाबला जातो आणि पंप तिथल्या तिथे फुटतो. गाडी चालू करायच्या आत गिअरबॉक्स पुन्हा टेबलावर.

यावर उपाय एक स्टीलची पट्टी आणि व्हर्नियर. पट्टी बेल हाउसिंगच्या तोंडावर आडवी ठेवायची आणि कन्व्हर्टरच्या बोल्टाच्या जागेपर्यंतची खोली मोजायची. मॅन्युअलमध्ये आकडा असतो. आम्ही मोजली तेव्हा नऊ मिलिमीटर कमी होती. मामेभाऊ म्हणाला, "ताई, बसलाय की, हलत पण नाही!" मामांनी स्टुलावरून मॅन्युअलचा आकडा पुन्हा वाचला, एकदा मराठीत आणि एकदा इंग्लिशमध्ये. पुन्हा फिरवत राहिलो. वीसेक मिनिटांनी तिसरा खटका आला आणि व्हर्नियरने बरोबर आकडा दाखवला. फर्स्ट इयरला व्हर्नियरचं लीस्ट काउंट काढताना मी जेवढी वैतागले होते, त्याबद्दल त्या व्हर्नियरची मनातल्या मनात माफी मागितली. पुढे गिअरबॉक्स इंजिनला पूर्ण टेकल्यावर आणखी एक खात्री करायची. फ्लेक्स प्लेटचे बोल्ट लावण्याआधी कन्व्हर्टर हाताने मोकळा फिरला पाहिजे आणि तबकडीपासून दोन-तीन मिलिमीटर मागे असला पाहिजे. आमचा फिरला.

कूलर आणि त्याचे पाइप धुतल्याशिवाय जोडू नका. जुन्या चकत्यांचा चुरा तिथे बसलेला असतो, तो पहिल्याच दिवशी नव्या गिअरबॉक्समध्ये येतो. आम्ही रॉकेल आणि हवा आलटून पालटून मारली, मग शेवटी ताजं एटीएफ. आणि तेल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या जातीचंच. "लाल आहे म्हणजे चालतं" असं दुकानदार सांगतो, पण घर्षणाचा गुण तेलागणिक वेगळा असतो आणि चकत्या त्या तेलाच्या हिशेबाने बनवलेल्या असतात. पातळी बघायची ती तेल तापल्यावर, इंजिन चालू ठेवून, लिव्हर पी पासून एल पर्यंत सावकाश नेऊन परत आणल्यावर. थंड तेल कमी दिसतं आणि माणूस जास्त भरतो, मग ते फेसाळतं. काही कंपन्या इंजिन बंद करून मोजायला सांगतात, तेव्हा पुन्हा मॅन्युअल.

एक सूचना. हे सगळं टॉर्क कन्व्हर्टरवाल्या जुन्या गिअरबॉक्सबद्दल आहे. २०१४ साली सेलेरिओपासून आपल्याकडे जे एएमटी आले ते साधेच गिअरबॉक्स, क्लच दाबायला फक्त यंत्र बसवलेलं, आणि ते काढल्या-घातल्यावर क्लचची जागा कॉम्प्युटरने पुन्हा शिकवावी लागते. सीव्हीटी आणि ड्युअल क्लचची गोष्ट आणखी वेगळी. तिथे स्कॅनर हाताशी नसेल तर अंगणात पाना घेऊन बसू नये.

खर्च सगळा मिळून एकतीस हजारांच्या आत आला, मिस्त्रींची मजुरी, एक नवं फाउंडेशन आणि दोन्ही ॲक्सल सील धरून. आमची मजुरी फराळात. स्टॉल टेस्ट पुन्हा घेतली, डी मध्ये २४५०. मामा दुसऱ्या दिवशी गडहिंग्लजला जाऊन आले, थकलेले तीन हप्ते वसूल करून. हजार किलोमीटरनंतर मिस्त्रींच्या सांगण्यावरून तेल एकदा बदललं. मी होस्टेलवर होते, मामांनी ड्रेन पॅनमधल्या चुंबकाचा फोटो पाठवला. त्यावर बारीक करड्या पिठासारखा पातळ थर होता, नव्या चकत्या बसताना येतो तेवढाच. कण एकही नव्हता.